अपसेट, अ‍ॅनॉइड, फ्रस्ट्रेटेड, डिसअपॉइंटेड... कुठला कधी वापरायचा?

चिंगी_पुणे

मंडळी, एक मदत हवीय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, क्लायंट मँचेस्टरचा. मागच्या आठवड्यात आमची रिलीज पुढे गेली, कारण काय ते सोडा, पण त्यांच्या मॅनेजर बाईंचं मेल आलं, त्यात सगळीकडे थँक्स आणि काइंड रिगार्ड्स आणि मधेच एक वाक्य, आय अ‍ॅम अ लिटल डिसअपॉइंटेड वगैरे. आमचा लीड म्हणतो "अ लिटल"च आहे ना, मग कशाला मनावर घ्यायचं. शेजारी बसणारी मैत्रीण तिकडे राहून आलीय, ती म्हणते बाई चांगलीच भडकलीय, तयारीत राहा. दोघंही ठाम.

आता उत्तर लिहायचं काम माझ्या गळ्यात. मी लिहिलं होतं वी आर ऑल्सो फ्रस्ट्रेटेड. मैत्रीण म्हणाली हे अजिबात नको, पण का नको ते तिलाही धड सांगता येईना. मग अपसेट लिहू? सॅड लिहू? डिक्शनरीत बघितलं तर नाराज, निराश, खिन्न, अस्वस्थ हेच शब्द आलटून पालटून सगळ्यांसमोर लिहून ठेवलेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ग्रामर पक्कं आहे हो, पण हे भावनांचे शब्द आले की अंदाजपंचे चालू होतं.

आणि विचारतेच आहे तर हेही घ्या: जेलस आणि एन्व्ही, गिल्टी आणि अशेम्ड, नर्व्हस आणि अँक्शस. अँक्शस तर कधी काळजीत आणि कधी उत्सुक असा दोन्हीकडून दिसतो. ज्याला जे माहितीय ते लिहा.

लीड्सकर

मैत्रिणीचं बरोबर आहे, लीडला इकडे पाठव थोडे दिवस.

इंग्रज माणसाने ऑफिसच्या मेलमधे "अ लिटल", "अ बिट", "स्लाइटली" असं काही लिहिलं की ते कमी दाखवण्यासाठी नसतं, सभ्यपणे बोलायची पद्धत असते. अ बिट कन्सर्न्ड म्हणजे हे प्रकरण मला गंभीर वाटतंय. नॉट बेस्ट प्लीज्ड म्हणजे भयंकर तापलोय. हेच अमेरिकन माणूस सरळ लिहील की वी हॅव अ प्रॉब्लेम, आणि आनंद झाला तर थ्रिल्ड, सुपर एक्सायटेड. इथला माणूस तेवढ्याच आनंदाला "रादर प्लीज्ड" म्हणेल आणि विषय संपला. त्यामुळे मेल वाचताना आधी बघायचं की लिहिणारा कुठला आहे.

दुसरं म्हणजे डिसअपॉइंटेड हा अँग्रीपेक्षा सौम्य शब्द आहे असं आपल्याकडे समजतात, ते तसं नाहीये. राग आला की माणूस स्वतःबद्दल बोलत असतो, मी तापलोय. डिसअपॉइंटेड म्हणताना तो तुझ्याबद्दल बोलतो, तुझ्याकडून मी काहीतरी धरून चाललो होतो आणि ते झालं नाही. इथल्या आयाबापांचं ठरलेलं वाक्य आहे, आय अ‍ॅम नॉट अँग्री, आय अ‍ॅम जस्ट डिसअपॉइंटेड, आणि पोरं म्हणतात त्यापेक्षा ओरड बाई. राग उतरतो, हे चिकटून राहतं.

आणि त्याच्या पुढचा शब्द बघ. डिसअपॉइंटेड इन यू म्हटलं की तो माणसावरच शेरा आहे, तुझ्या वागण्यावर, स्वभावावर. डिसअपॉइंटेड विथ किंवा बाय म्हणून पुढे एखादी गोष्ट आली तर त्या गोष्टीपुरतं आहे, अजून सावरता येतं. तू "वगैरे" लिहून पुढचं गाळलंयस, खरी मेख तिथेच असणार. मेल परत उघड.

फ्रस्ट्रेटेड का नको: त्या शब्दात अडथळा असतो. मला काही करायचंय आणि काहीतरी किंवा कोणीतरी मधे येतंय, म्हणून होणारी चडफड. लॅटिनमधला फ्रुस्ट्रा म्हणजे व्यर्थ, फुकट, तिथून आलाय. तू वी आर ऑल्सो फ्रस्ट्रेटेड लिहिलंस की वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, तुम्हाला कोणी अडवलं? आणि मेल तिलाच गेलंय, म्हणजे ती समजणार की बोट माझ्याकडे आहे. आपल्याकडे कॉलेजमधे फ्रस्ट्रेट झालोय म्हणजे एकूणच आयुष्याचा उबग आलाय असा अर्थ झालाय, नोकरी नाही, फ्रस्ट्रेट. पाऊस थांबत नाही, फ्रस्ट्रेट. इकडे तो अर्थ धरून लिहू नकोस.

सॅड तर नकोच, रिलीज गेली म्हणून कोणी सॅड होत नाही, कुत्रं गेलं तर होतात.

गोट्या_रिटर्न्स

मी एकदा ऑनसाइटला असताना म्हणालो होतो आय हॅव लॉट ऑफ टेन्शन. समोरच्याने खुर्चीच्या पाठीकडे बघून सांगितलं फिजिओ चांगला आहे इथे 😂

खडूस_मास्तर

गोट्याने विनोद केला पण मुद्दा खरा आहे. टेन्शन हा आता मराठी शब्द आहे, त्याचं इंग्रजीशी नातं आडनावापुरतं उरलंय. इंग्रजीत टेन्शन दोरीत असतं, स्नायूत असतं, किंवा दोन माणसांच्या मधे असतं, खोलीत शिरल्यावर जाणवतं. एकट्या माणसाच्या डोक्याला जे होतं ते वरीड किंवा स्ट्रेस्ड. गंमत अशी की स्ट्रेससुद्धा लोखंडाच्या तुळयांचं गणित करणाऱ्यांकडून आलेला, हान्स सेल्येने १९३६ पासून शरीरावर पडणाऱ्या ताणावर जे काम केलं त्यानंतर तो डॉक्टरांच्या आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसला.

आता मूळ प्रश्न. मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो, आता निवृत्त. मुलांना आम्ही काय शिकवायचो, तर अ‍ॅनॉइड, अँग्री, फ्युरिअस अशी पायऱ्यापायऱ्यांची शिडी, खाली कमी, वर जास्त. रॉबर्ट प्लुचिकचं १९८० च्या सुमाराचं ते रंगीत चक्र सगळीकडे फिरत असतं, त्यातही हीच कल्पना, आठ मूळ भावना आणि प्रत्येकीच्या गडद-फिक्या छटा, अ‍ॅनॉयन्स फिकट, अँगर मधला, रेज गडद. भिंतीवर लावायला छान आहे. पण चिंगीताईंचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण बरेचसे शब्द कमीजास्तपणावर वेगळे नाहीतच. प्रत्येक शब्दात, माणूस काय धरून चाललाय, त्याचा दावा काय आहे, ते वेगळं आहे.

रागाचंच घराणं घ्या. इरिटेटेड म्हणजे कोणीतरी पेन टकटक करतंय, त्यात कोणाचा अपराध असायलाच हवा असं नाही, नुसती चिडचिड. अ‍ॅनॉइडमधे थोडं तरी "तुला कळायला पाहिजे होतं" असतं. इंडिग्नंट म्हणायला मात्र अन्याय लागतो. माझ्यावर किंवा दुसऱ्या कोणावर, पण जे झालं ते योग्यतेला धरून नाही असं ठामपणे वाटायला हवं, म्हणून रांगेत कोणी घुसलं तर माणूस इंडिग्नंट होतो, गाडी पंक्चर झाली तर होत नाही. पंक्चरवर अन्यायाचा आरोप कसा करणार? आणि रिझेंटफुल म्हणजे तो राग बोलून न दाखवता आत ठेवलेला, पुन्हापुन्हा उगाळलेला. शब्दाच्या पोटातच "पुन्हा जाणवणं" आहे. वर्षानुवर्षं सासरी राबलेल्या बाईला जे वाटतं ते फ्युरी नव्हे, रिझेंटमेंट.

लिव्हिड हा माझा लाडका. लॅटिनमधे निळसर-काळा, मुका मार बसल्यावर कातडीचा होतो तो रंग. आपल्याकडे माणूस रागाने काळानिळा होतो, तिकडेही झाला. लाल होण्याच्या पुढची अवस्था दोघांनी सारखीच पाहिली म्हणायची.

मॅड अमेरिकेत रागावलेला आणि इंग्लंडात बहुतेक वेळा वेडा. पिस्ड अमेरिकेत संतापलेला, इंग्लंडात पिऊन तर्र. ऑफिसात दोन्ही टाळावेत.

आणि हे असं बारकाईने बघणं आपल्याला नवीन नाही बरं का. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे टिकून राहणारे, आहेत आणि तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणारे. क्रोध स्थायी, पण अमर्ष वेगळा काढून ठेवलाय, अपमान किंवा अवहेलना झाल्यावर ती सहन न होणं. इंडिग्नेशनच्या अगदी शेजारचं घर. असूया वेगळी, उग्रता वेगळी. आपण मराठीत बोलताना सगळ्याला राग म्हणतो म्हणून विसरलो, एवढंच.

लीड्सकर

मास्तर, पण मराठीतही सगळ्याला राग नाही म्हणत आपण. रुसवा घ्या. रागच आहे पण फक्त आपल्या माणसावर, आणि त्याने येऊन समजूत काढावी ही अट. सल्क म्हणावं तर त्यात तुच्छता येते, रुसव्यात नाही. वैताग हा एक्झॅस्परेटेडला बऱ्यापैकी चालतो. चीड जवळपास इंडिग्नेशन.

रेवा_म

मी समुपदेशन करते, माझ्याकडे येणारे बरेच जण अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलतात त्यामुळे हा विषय रोजचा आहे. गिल्टी आणि अशेम्डचं मी सांगते.

गिल्ट केलेल्या गोष्टीबद्दल असतं, शेम स्वतःबद्दल. मी वाईट केलं आणि मी वाईट आहे, एवढा फरक. मानसशास्त्रात हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ च्या आसपास हा भेद नीट मांडला, नंतर जून टँगनी यांनी त्यावर खूप काम केलं, आणि त्यांच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते की गिल्ट वाटणारा माणूस भरपाई करायला, माफी मागायला पुढे येतो आणि शेम वाटणारा लपतो किंवा उलट दुसऱ्यावरच चिडतो. म्हणून आय अ‍ॅम अशेम्ड ऑफ यू हे वाक्य मुलाला म्हणणं फार जड आहे, आपण सहज "लाज वाटते का तुला" म्हणतो तसं ते सहज नाही.

आणि एम्बॅरस्ड तिसरंच. त्यात नीती-अनीती नसते, फक्त बघणारे लोक असतात. भर कार्यक्रमात चप्पल तुटली, एम्बॅरस्ड. घरात एकटी असताना तुटली तर काहीच नाही. गिल्ट मात्र एकटं असतानाही पोखरतं. शाय हा स्वभाव किंवा बुजरेपणा. आपली अडचण अशी की मराठीत लाज हा एकच शब्द या सगळ्यांवर अंथरता येतो, लाजाळू, लाज वाटली, लाज आणलीस, निर्लज्ज. पण नीट शोधलं तर आपल्याकडेही वेगळे आहेत, ओशाळणे, खजील होणे, वरमणे, संकोच. ओशाळलेला माणूस एम्बॅरस्डच्या जवळ, आणि वरमलेल्याला आपली चूक कळलेली असते, तो गिल्टीकडे झुकतो. हल्ली हे शब्द कोणी वापरत नाही. माझ्यासमोर बसून लोक "कसंतरीच होतंय" म्हणतात, मग आम्ही दोघं मिळून शोधतो की कसंतरी म्हणजे काय.

हे शोधणं नुसतं भाषेचं नाही हेही सांगते. लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ याला इमोशनल ग्रॅन्युलॅरिटी म्हणतात, म्हणजे स्वतःच्या भावना किती बारीक वेगळ्या करून ओळखता येतात ते. कोणाला दिवसभर नुसतं "बॅड" वाटतं, कोणाला कळतं की सकाळी दडपण होतं आणि दुपारी हिरमोड झाला. दुसऱ्याला पुढे काय करायचं ते सुचायला सोपं जातं, दडपणावरचा उपाय आणि हिरमोडावरचा उपाय एक नाही.

चिंगी_पुणे

बापरे, एवढं सगळं! लीड्सकर, मेल परत उघडलं. वाक्य पूर्ण असं आहे: आय अ‍ॅम अ लिटल डिसअपॉइंटेड विथ हाऊ लेट वी वेअर टोल्ड. आम्ही सगळे समजत होतो की रिलीज पुढे गेली म्हणून चिडलीय.

लीड्सकर

बघ. तारीख गेली याचं तिला फार नाहीये, उशिरा सांगितलं याचं आहे. विथ आहे, इन नाही, सुदैव. त्याच्यावरच लिही. वी अंडरस्टँड युअर डिसअपॉइंटमेंट हे कॉल सेंटरवाल्यांनी घासून गुळगुळीत केलंय, ते नको. वी रिग्रेट म्हणजे रेल्वेची अनाउन्समेंट. साधं, आय अ‍ॅम सॉरी वी डिडंट टेल यू सूनर, आणि पुढे कधी कळलं, कधी कळवायला हवं होतं, आता दर किती दिवसांनी कळवणार. भावनेचा शब्द तिने वापरलाय, तू परत वापरायची गरज नाही.

सातारी_तडका

जेलस-एन्व्ही राहिलंच की. हे सोप्पंय. एन्व्हीला दोन माणसं लागतात, जेलसीला तीन. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली, मला पाहिजे, एन्व्ही. माझी बायको माझ्या मित्राशी जास्तच हसून बोलते, माझं जे आहे ते जाईल की काय ही भीती, जेलसी. मराठीत हेवा आणि सवतीमत्सर! सवतीमत्सरात बघा तीन माणसं ठरलेलीच. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत तो इआगो हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणतो ते जेलसीला, आणि तिथे प्रकरण नवराबायको आणि तिसऱ्याचंच आहे, गाडीचं नाही.

एन्व्ही लॅटिन इन्विदियापासून, त्यात बघणं आहे, वाकड्या नजरेने बघणं. आपली दृष्ट लागणे तीच की. आणि जेलस आणि झील, म्हणजे उत्साह, हे मुळात एकाच ग्रीक शब्दापासून आलेत, झेलोस.

गोट्या_रिटर्न्स

मित्राने बालीचे फोटो टाकले की सगळे "सो जेलस" लिहितात, त्यात तिसरा माणूस कोण, बाली?

सातारी_तडका

ते चूक आहे.

लीड्सकर

चूक कशी म्हणता, गोरे स्वतः शेकडो वर्षं जेलस हा शब्द हेव्यासाठीही वापरतात, डिक्शनऱ्यांनी दोन्ही अर्थ दिलेत. उलटा प्रवास मात्र होत नाही. प्रेयसीवर संशय घेणाऱ्याला कोणी एन्व्हिअस म्हणत नाही. म्हणजे नियम असा की शंका असेल तर जेलस, तो दोन्हीकडे चालून जातो. आणि आय एन्व्ही यू हे तोंडावर बोललं तर कौतुक असतं, तो व्यवस्थित चालतो.

सातारी_तडका

चालतो म्हणून बरोबर होत नाही, पण असो, तुम्ही तिकडचे.

खडूस_मास्तर

सातारकर, भाषेत चालतं तेच शेवटी बरोबर होतं, मीही वर्गात उलटं सांगत आलो आणि मुलं माझ्यासमोरच चालवत राहिली.

यात अजून एक जोडगोळी घालतो, पिटी आणि सिम्पथी. आय पिटी यू हे सहानुभूती म्हणून कोणाला बोलू नका, तो सरळ अपमान आहे. आपण "कीव येते मला तुझी" म्हणतो ना, अगदी तेच, वरून खाली बघणं. सिम्पथी शेजारी उभं राहून. शोकसंदेशाच्या कार्डावर विथ डीपेस्ट सिम्पथी लिहितात. एम्पथी मात्र नवा शब्द, एडवर्ड टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मधे जर्मन आइनफ्यूलुंगवरून घडवला. त्या जर्मन शब्दाचा वापर आधी चित्रं आणि शिल्पं बघताना माणूस त्यात कसा शिरतो यासाठी व्हायचा. आता कंपनीच्या प्रत्येक ट्रेनिंगमधे एम्पथी असते आणि रजा मागितली की कुठे जाते देव जाणे.

रेवा_म

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवते 😄

निनाद_ठाणे

उशिरा आलो. नर्व्हस-अँक्शसवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नर्व्हसला समोर एक ठरलेली गोष्ट लागते. उद्या इंटरव्ह्यू आहे, आता स्टेजवर जायचंय, पोटात गोळा येतो, ते झालं की उतरतो. मराठीत धाकधूक. अँक्शसमधे काय होईल हेच धूसर असतं आणि ते लांबतं, मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही, रिपोर्ट यायचाय. अ‍ॅप्रिहेन्सिव्ह म्हणजे पुढे काहीतरी बरं नाही होणार अशी शंका, धास्तीपेक्षा कमी. वरीड सगळ्यात रोजचा, काळजी.

हे सगळे भीतीच्या कुळातले, पण अँक्शस आणि अँगर हे दोन्ही दूरच्या एकाच मुळातून आलेत, आवळणं, घुसमटणं असा मूळ अर्थ. अँग्विशही तिथलाच, जर्मन आंग्स्टही, आणि संस्कृतातलं अंहस्, म्हणजे संकट किंवा पाप, तेही त्याच गोतावळ्यात. छातीत आवळल्यासारखं होणं ही गोष्ट मूळची, पुढे एकीकडे त्याचा राग झाला आणि एकीकडे चिंता.

चिंगी, तुझा तो दोन्हीकडून दिसणारा अर्थ: अँक्शस अबाउट म्हटलं की काळजी, अँक्शस टू म्हटलं की उत्सुक, पण निव्वळ आनंदाने उत्सुक नाही, होतंय की नाही अशी बारीक टोचणी त्यात असते. शी इज अँक्शस टू प्लीज म्हणजे ती बिचारी सगळ्यांना खूश ठेवायला धडपडतेय. नुसती छान उत्सुकता असेल तर ईगर किंवा लुकिंग फॉरवर्ड टू. काही जुने शिक्षक अँक्शस टू हे चूकच मानतात, मास्तर सांगतील.

खडूस_मास्तर

मानायचो. आता नाही मानत, पण उत्तरपत्रिकेत लाल रेघ अजून आपोआप ओढली जाते.

चिंगी_पुणे

निनाद, यासाठी अभ्यास करायचा तर काय वाचायचं? समानार्थी शब्दांची पुस्तकं घेऊ का?

निनाद_ठाणे

नुसतं थिसॉरस नको, एका शब्दासमोर वीस शब्द ओतून ठेवतो आणि फरक सांगत नाही, तुझ्या मराठी डिक्शनरीसारखीच गत. परदेशी शिकणाऱ्यांसाठी केलेली डिक्शनरी घे. ऑक्सफर्डची अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, जिचं मूळ काम ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधे शिकवताना केलं, १९४२ मधे तिकडेच छापली गेली होती पहिल्यांदा. त्यात समानार्थी शब्दांच्या चौकटी असतात, शब्दामागे कुठला प्रेपोझिशन लागतो तेही ठळक दिलेलं असतं, आणि हे सगळं ऑनलाइन फुकट आहे. अर्थ वाचण्याआधी उदाहरणं वाच, चारपाच वाक्यं बघितली की कळतं हा शब्द कोणाच्या तोंडी असतो.

गोट्या_रिटर्न्स

आणि मँचेस्टरवाल्यांशी बोलायचं तर गटेड आणि चफ्ड पाठ कर. मॅच हरली की गटेड, आतडी बाहेर काढल्यासारखं. जिंकली की चफ्ड. फक्त कुठली मॅच ते आधी विचार, तिकडे फुटबॉलचे निळे आणि लाल असे दोन संघ आहेत.

लीड्सकर

आणि बाईंना मेलमधे यातलं काहीही लिहू नकोस, आधी त्यांनी लिहू दे.